भांड्यांच्या यंत्रांतील मीठ

भांडीं घांसण्याचें विजेचें यंत्र, ज्याला आतां सर्वत्र डिशवॉशर म्हणतात, तें घरीं आलें कीं त्याच्या पाठोपाठ तीन जिन्नस आणावे लागतात: एक पूड किंवा वडी, एक पातळ द्रव्य आणि किलोभर जाडें मीठ. पुडीचें प्रयोजन कोणाला समजावून सांगावें लागत नाहीं. पातळ द्रव्याविषयीं थोडा संशय येतो. मीठ पाहून मात्र घरांतील वडील माणसें हंसतात आणि भांडीं घांसावयाचीं आहेत कीं लोणचें घालावयाचें आहे, असें विचारतात. हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाहीं. मिठानें भांडें स्वच्छ होत नाहीं हें त्यांचें म्हणणें अगदीं खरें आहे. इतकेंच नव्हे, तर यंत्रांत योग्य जागीं घातलेलें मीठ भांड्यांपर्यंत पोंचतहि नाहीं.

हातानें भांडीं घांसणारी बाई न कळत तीन कामें करीत असते. ती पाणी पारखते, राखेनें वा साबणानें भांडें घांसते आणि शेवटीं तें फडक्यानें पुसते किंवा उन्हांत उपडें घालते. यंत्राला डोळे नाहींत, हात नाहींत आणि फडकेंहि नाहीं. या तीन उणिवा भरून काढण्यासाठीं हे तीन जिन्नस आहेत, आणि नवल असें कीं ते तीन निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या काळीं सुरू झालेल्या शोधांतून आले. ते शोध लावणाऱ्यांपैकीं कोणाच्याहि डोळ्यांपुढें भांड्यांचें यंत्र नव्हतें. एकाचें काम दुसरा करीत नाहीं, ही साधी गोष्ट ध्यानांत न राहिल्यामुळें पुष्कळ घरीं हें महागडें यंत्र बदनाम झालेलें आहे.

यंत्राची हकीकत प्रथम सांगावी. लांकडी पेटींतील भांड्यांवर हातानें चाक फिरवून पाणी उडविण्याचें एक साधन अमेरिकेंत जोएल हौटन यानें १८५० सालींच पेटंट केलें होतें. पण त्यानें भांडीं भिजत, निघत नसत. कामास येईल असें यंत्र केलें तें इलिनॉय राज्यांतील शेल्बीव्हिल गांवच्या जोसेफिन कॉक्रन या बाईनें. तिच्या घरचीं चिनी मातीचीं जुनीं बशाताटें नोकरांच्या हातून टवके उडून खराब होत, हें तिला सहन होईना. १८८३ सालीं नवरा वारला आणि मागें कर्ज राहिलें. तेव्हां हौसेचा विचार पोटाचा उद्योग झाला. घरामागच्या खोपटांत जॉर्ज बटर्स नांवाच्या कारागिराला हाताशीं धरून तिनें बशीबशीच्या मापाचे तारांचे कप्पे केले, ते एका चाकावर बसविले, चाक तांब्याच्या हंड्यांत ठेवलें आणि खालून साबणाचें कढत पाणी जोरानें मारण्याची योजना केली. भांडीं हलवावयाचीं नाहींत, पाणी हलवावयाचें, हा तो विचार. २८ डिसेंबर १८८६ रोजीं तिला पेटंट मिळालें. शिकागोच्या पामर हाउस हॉटेलानें यंत्र घेतलें, आणि १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनांत त्याला बक्षिस मिळालें. ज्या सर्वधर्मपरिषदेंत स्वामी विवेकानंदांनीं भाषण केलें ती याच प्रदर्शनाच्या निमित्तानें भरली होती.

हॉटेलांनीं यंत्र उचललें, पण घरोघरीं तें शिरेना. एवढें कढत पाणी पुरविणारी व्यवस्था त्या काळीं थोड्याच घरीं होती. पाण्याच्या उष्णतेखेरीज दुसरीहि एक अडचण होती, ती पाण्याच्या जातीची.

आपल्याकडे ही जात ओळखण्यास रसायनशास्त्राचें पुस्तक लागत नसे. ज्या विहिरीच्या पाण्यांत तुरीची डाळ शिजत नाहीं, ज्याचा साबणाला फेंस येत नाहीं, तें जड पाणी. नदीचें किंवा पावसाचें तें हलकें. शाळेच्या पुस्तकांत यांनाच दुष्फेन आणि सुफेन अशीं नांवें आहेत. जड पाण्यांत कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले असतात. साबण त्यांच्याशीं संयोग पावून दह्याच्या कवडीसारखा सांका होतो आणि फेंस मारला जातो. ॲबरडीनचे प्राध्यापक टॉमस क्लार्क यांनीं १८४१ च्या सुमारास याच गोष्टीचें माप केलें: अमुक पाण्याला फेंस येण्यास साबणाचें पाणी किती लागतें, त्यावरून त्याची जडता. हातानें घांसतांना हा सांका बोटाला लागतो आणि दुसऱ्या पाण्यानें जातो. यंत्रांत तो कांचेवर बसतो, वाळतो आणि दुसऱ्या दिवशीं त्यावर दुसरा थर चढतो.

आतां मिठाकडे वळूं. त्यासाठीं स्वयंपाकघर सोडून इंग्लंडांतील शेतावर जावें लागतें. यॉर्कशायरमधील हॅरी स्टीफन टॉम्सन या जमीनदाराला एक विवंचना होती. खतांतील अमोनिया पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जातो कीं काय? १८४५ सालीं त्याच्या सांगण्यावरून यॉर्क शहरांतील जॉन स्पेन्स या औषधविक्रेत्यानें माती एका नळींत भरली आणि तीवर अमोनियम सल्फेटचें पाणी ओतलें. खालून जें गळलें त्यांत अमोनिया फारसा नव्हता. त्याच्या जागीं जिप्सम, म्हणजे चुन्याचें सल्फेट, उतरलें होतें. मातीनें अमोनिया ठेवून घेतला आणि बदल्यांत चुना दिला! रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनज्ञ जॉन टॉमस वे यांनीं मग पद्धतशीर प्रयोग केले व १८५० आणि १८५२ सालीं निबंध छापले. देवघेव अगदीं तोलून मापून होते, हें त्यांनीं दाखविलें. मात्र एके ठिकाणीं ते चुकले. हा सौदा एकदां झाला कीं उलटत नाहीं, असें त्यांचें मत होतें.

तें खोडून काढलें आइकहॉर्न या जर्मन रसायनज्ञानें. झिओलाइट नांवाच्या खनिजांवर प्रयोग करून १८५८ सालीं त्यानें सिद्ध केलें कीं सौदा उलटतो. फक्त उलट बाजूनें पुष्कळ माल आणला पाहिजे. डिशवॉशरमधल्या मिठाचें सारें मर्म या एका वाक्यांत आहे. तरीहि व्यवहारांत उतरण्यास त्याला आणखी जवळजवळ पन्नास वर्षें लागलीं. १९०५ च्या सुमारास बर्लिनमध्यें रॉबर्ट गान्स यानें कृत्रिम झिओलाइट तयार करून जड पाणी त्यांतून सोडलें, आणि तें झिओलाइट थकलें म्हणजे साध्या मिठाच्या पाण्यानें पुन्हां ताजें केलें. पुढें १९३५ सालीं ॲडम्स व होम्स या इंग्रज संशोधकांनीं खनिजाच्या जागीं कृत्रिम राळ वापरतां येते हें दाखविलें. आणि १९४४ सालीं अमेरिकेंत दालेलिओ यांना ज्या राळेचें पेटंट मिळालें तिच्या जातीचे बारीक मणी आज या यंत्रांत असतात.

त्या मण्यांवर सोडियमचे कण बसलेले असतात. नळाचें पाणी त्यांतून वाहूं लागलें म्हणजे कॅल्शियम व मॅग्नेशियम मण्यांना चिकटतात आणि सोडियम पाण्यांत उतरतो. पाणी हलकें होतें. कांहीं वेळानें मणी चुन्यानें भरून जातात. तेव्हां यंत्र आपल्या कप्प्यांतील दाट खारें पाणी त्यांवर सोडतें. सोडियमच्या लोंढ्यापुढें चुना हटतो आणि मोरीवाटे बाहेर पडतो. चांगली विहीर निवडण्याचें जें काम पूर्वीं माणूस करी, तें येथें मीठ करतें.

हें काम किती मोठें असतें याचा हिशेब करून पाहावा. भारतीय मानक ब्यूरोच्या २०१२ च्या प्रमाणकांत पिण्याच्या पाण्याची जडता लिटरमागें २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह मानिली आहे, आणि दुसरें पाणीच मिळत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतली आहे. २०० मिलिग्रॅमचें पाणी धरलें आणि यंत्र एका खेपेस बारा लिटर पाणी घेतें असें मानिलें, तर प्रत्येक खेपेस सुमारें अडीच ग्रॅम क्षार आंत येतात. वर्षाच्या तीनशें खेपांचे जवळजवळ पाऊण किलो होतात. एवढा चुना कांचेच्या पेल्यांवर, नळ्यांत आणि पाणी तापविणाऱ्या भागावर बसावयाचा कीं मोरींत जावयाचा, एवढाच प्रश्न आहे.

तेव्हां मिठाच्या बाबतींत पाळावयाचे नियम आपोआप समजतात. मीठ शुद्ध हवें आणि जाड दाण्याचें हवें. जेवणांतील बारीक मीठ कप्प्यांत घट्ट बसतें. शिवाय तें मोकळें राहावें म्हणून त्यांत इतर द्रव्यें मिसळलेलीं असतात. समुद्राच्या खडेमिठांत मॅग्नेशियमचे क्षार राहिलेले असतात, म्हणजे ज्या चोराला हांकलावयाचें त्यालाच आंत घेण्यासारखें. शेंदेलोणांत माती असते. प्रथम वापरतांना कप्पा पाण्यानें भरून मग मीठ घालावें. पुढें फक्त मीठ. मीठ धुण्याच्या अगदीं आधीं घालावें आणि लगेच यंत्र चालूं करावें, कारण सांडलेलें खारें पाणी पोलादाच्या तळावर तसेंच राहिलें तर त्याला डाग व खड्डे पडतात. सर्वांत वाईट चूक म्हणजे मिठाच्या कप्प्यांत धुण्याची पूड ओतणें. तिनें मण्यांचें तें साधन बहुधा कायमचें निकामी होतें.

पाण्याची जडता किती, हें यंत्राला सांगावें लागतें. पुष्कळ यंत्रांवर ती जर्मन अंशांत असते. एक अंश म्हणजे लिटरमागें दहा मिलिग्रॅम कॅल्शियम ऑक्साइड. आपल्याकडील २०० मिलिग्रॅम म्हणजे अकरा अंशांहून थोडें अधिक, आणि ६०० म्हणजे तेहतिसाच्या वर. तलावांतून येणारें मुंबईचें पाणी पुष्कळच हलकें असतें. देशावरच्या काळ्या पाषाणांत खोदलेल्या कूपनलिकांचें तसें नाहीं. एकाच कंपनीचें यंत्र एकाच्या घरीं लखलखीत भांडीं देतें आणि दुसऱ्याच्या घरीं पांढुरकीं, याचें कारण बहुधा एवढेंच असतें. अमेरिकेंतील बहुतेक घरगुती यंत्रांत हा मिठाचा कप्पाच नसतो, म्हणून तिकडच्या नातलगांचा सल्ला येथें नेहमींच लागू पडेल असें नाहीं.

धुण्याच्या द्रव्याची कथा याहून गुंतागुंतीची आहे. चुलीच्या राखेंत पोटॅशियम कार्बोनेट असतें. तें तुपातेलाशीं मिळून जागच्या जागीं थोडासा साबण तयार करतें, म्हणून राखेनें ओशट भांडें निघतें. यंत्रांतील पुडीचा पायाहि असाच अल्कधर्मी, धुण्याचा सोडा आणि सिलिकेट यांचा. साधा साबण किंवा हातानें भांडीं घांसण्याचें द्रव्य तेथें चालत नाहीं, कारण जोरानें उडणाऱ्या पाण्यांत त्याचा डोंगराएवढा फेंस होतो. पाण्याच्या धारेचा मारा फेंसांत मुरतो आणि उरलेला फेंस दारांतून स्वयंपाकघरांत येतो.

सोड्याला जोड मिळाली ती फॉस्फेटची. पिट्सबर्ग येथील राल्फ हॉल हे वाफेच्या बॉयलरमध्यें बसणाऱ्या कीटणाचा बंदोबस्त शोधीत होते. पाण्यांतील कॅल्शियम धरून ठेवणारें एक सोडियम फॉस्फेट त्यांना सांपडलें आणि १९३३ च्या सुमारास तें कॅल्गॉन या नांवानें बाजारांत आलें. कॅल्शियम गेला, असा त्या इंग्रजी नांवाचा भाव. पुढें डिशवॉशरच्या पुडींत फॉस्फेट हा मुख्य घटकच होऊन बसला. अमेरिकेंत १९५५ सालीं कॅस्केड आणि जर्मनींत १९६२ सालीं सोमाट हीं द्रव्यें निघालीं. चमक अशी येई कीं तक्रारीस जागा नव्हती.

ती चमक कोणाच्या जिवावर येत होती हें तळ्यांनीं दाखविलें. फॉस्फेट हें खतहि आहे. मोरीवाटे तें नद्यांत आणि सरोवरांत गेलें, शेवाळ माजलें, आणि तें कुजतांना पाण्यांतील प्राणवायु संपून मासे मेले. अमेरिका व कॅनडा यांच्या सीमेवरील ईरी सरोवराची अवस्था इतकी बिघडली कीं १९७२ सालीं दोन्ही देशांना महासरोवरांच्या पाण्यासंबंधीं करार करावा लागला. कपडे धुण्याच्या द्रव्यांतून फॉस्फेट हळूहळू गेलें. भांड्यांच्या पुडीला मात्र दीर्घ काळ सूट राहिली. २००८ सालीं वॉशिंग्टन राज्यांतील स्पोकेन परगण्यांत तिच्यावर बंदी आली. तेव्हां कित्येक लोक मोटारी काढून शेजारच्या आयडाहो राज्यांतून जुनी पूड आणीत, अशा हकीकती वर्तमानपत्रांत आल्या. जुलै २०१० पासून अमेरिकेंतील सोळा राज्यांत फॉस्फरसची मर्यादा अर्ध्या टक्क्यावर आली, आणि युरोपीय संघांत १ जानेवारी २०१७ पासून ती एका प्रमाणित मात्रेस ०.३ ग्रॅमच्या आंत आली. नदींतील मासा आणि कपाटांतील पेला यांत लोक कोणाची बाजू घेतात, हें त्या एका वर्षांत स्पोकेनमध्यें चांगलेंच दिसलें.

फॉस्फेट गेलें आणि भांड्यांवर पांढरी झांक आली. लोकांनीं यंत्रें दुरुस्तीस दिलीं, पण बिघाड यंत्रांत नव्हता. पुडींतला पाण्याचा रखवालदार निघून गेला होता. म्हणून मिठाचें महत्त्व पूर्वींपेक्षां वाढलेलें आहे. नव्या पुडींत सायट्रेटसारखीं द्रव्यें आणि एंझाइम असतात. एक एंझाइम भातावरणाचें पीठ तोडतें, दुसरें दूध व अंड्याचें प्रथिन तोडतें. त्यांना ऊब आणि वेळ लागतो. म्हणून घाईच्या छोट्या फेरींत करपलेलें पातेलें निघत नाहीं. खरकटें काढून टाकावें, पण भांडें आधीं धुवून लख्ख करूं नये. पूड दमट हवेंत निकामी होते, तेव्हां डबा घट्ट मिटलेला असावा आणि वडीला ओला हात लावूं नये. पूड तीव्र अल्कधर्मी असल्यानें ती मुलांच्या हातीं लागूं देऊं नये. ॲल्युमिनियमचीं पातेलीं तिनें काळवंडतात. पितळेला चिंच आणि लोखंडी तव्याला हातच बरा.

आतां उरलें तें पातळ द्रव्य, ज्याला रिन्स एड म्हणतात. त्याची कथा जर्मनींतील ब्राउनश्वाइग शहरच्या एका मोरीपाशीं सुरू होते. आग्नेस पॉकेल्स ही १८६२ सालीं जन्मलेली मुलगी. शास्त्राची तिला फार ओढ. पण विद्यापीठांचीं दारें स्त्रियांना बंद होतीं आणि घरीं आजारी आईबापांची सेवा होती. भांडीं धुतांना खरकट्या पाण्याच्या पृष्ठाकडे तिचें लक्ष गेलें. तेलाचा अंश पडला कीं पाण्याचें पृष्ठ निराळें वागतें, तें कां? वयाच्या विशीच्या आसपास तिनें पत्र्याचें एक लांबट उथळ पात्र केलें, त्यावर सरकणारी पट्टी ठेवली आणि बटणाएवढी चकती पाण्यावरून उचलण्यास किती जोर लागतो तें तराजूनें मोजूं लागली. पाण्याचा पृष्ठताण मोजण्याचें हें घरगुती यंत्र. धाकटा भाऊ फ्रीडरिश पदार्थविज्ञान शिकत होता, तो तिला पुस्तकें पाठवी.

तिचें म्हणणें ऐकून घेणारा जर्मनींत कोणी भेटला नाहीं. तेव्हां जानेवारी १८९१ मध्यें तिनें इंग्लंडांतील लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिलें. त्या थोर पंडितानें तें बाजूस टाकलें नाहीं. भाषांतर करून ‘नेचर’ या पत्राकडे शिफारशीसह धाडलें आणि १२ मार्च १८९१ च्या अंकांत तें छापून आलें. पृष्ठांच्या रसायनाबद्दल अर्विंग लँगम्यूर यांना १९३२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांनीं वापरलेलें पात्र आग्नेसबाईंच्याच पात्राच्या वंशांतलें होतें. त्याच वर्षीं ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यालयानें या गृहिणीला सन्माननीय डॉक्टर ही पदवी दिली. तेव्हां त्यांचें वय सत्तरीचें होतें; पुढें तीन वर्षांनीं, १९३५ सालीं, त्या वारल्या.

स्वच्छ पाण्याचा पृष्ठताण सेंटिमीटरला सुमारें ७२ डाइन असतो. त्यामुळें पाणी कांचेवर थेंब होऊन बसतें, आणि थेंब जेथें वाळतो तेथें त्यांतील क्षारांचें वर्तुळ उरतें. रिन्स एडमधील द्रव्यें हा ताण निम्म्यावर आणतात. थेंब मोडून पाण्याचा पातळ पदर होतो आणि ओघळून जातो. त्यांत बहुधा सायट्रिक आम्ल असतें, तें उरलासुरला चुना सोडवितें. हें फडक्याचें काम आहे, धुण्याचें नव्हे. म्हणून द्रव्य यंत्राच्या दारांतील वेगळ्या कप्प्यांत असतें आणि शेवटच्या गरम विसळणीच्या वेळीं थोडेंसेंच सुटतें. भांड्यांवर थेंबांचे डाग राहिले तर मात्रा एका घरानें वाढवावी. निळसर झांक किंवा रेघा दिसल्या तर कमी करावी. व्हिनेगर ओतण्याची युक्ति कोणी कोणी सांगतात. तें आम्ल खरें, पण पाण्याचा ताण त्यानें असा उतरत नाहीं आणि रबराच्या पट्ट्या मात्र खराब होतात. प्लॅस्टिकचे डबे एवढें करूनहि ओलेच निघतात, कारण प्लॅस्टिक उष्णता धरून ठेवीत नाहीं.

तिन्ही कामें एकाच वडींत करून देण्याचें आश्वासन देणाऱ्या वड्याहि निघाल्या आहेत. पाणी बेताचें जड असेल तेथें त्या चालतात. परंतु पुष्कळ उत्पादक स्वतःच एकवीस जर्मन अंशांची मर्यादा सांगतात, आणि त्यापुढें मीठ निराळें घातलेंच पाहिजे. मार्च २०२० मध्यें टाळेबंदी होऊन घरकामास येणाऱ्या बायकांचें येणें थांबलें, तेव्हां भारतांतील शहरांत या यंत्रांना एकाएकीं मागणी आली. विकणाऱ्यानें वडी दिली, घेणाऱ्यानें वडी टाकली, आणि कूपनलिकेच्या पाण्यावर सहा महिन्यांत पेले दुधी झाले.

दुधी झालेल्या पेल्याची परीक्षा सोपी आहे. त्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर चोळावें. झांक गेली तर तो चुना होता. मीठ संपलें असेल, नाहीं तर जडतेचा आंकडा चुकीचा लावलेला असेल. झांक न गेली तर कांच स्वतःच झिजलेली आहे. फार हलकें पाणी, फार पूड आणि फार उष्णता एकत्र झालीं कीं कांचेंतील द्रव्यें विरघळूं लागतात, आणि तें नुकसान भरून येत नाहीं. म्हणून जडतेचा आंकडा पाण्याहून वर चढवूनहि उपयोग नाहीं. ज्या गांवीं पावसाळ्यांत नदीचें आणि उन्हाळ्यांत कूपनलिकेचें किंवा टँकरचें पाणी येतें, तेथें तो वर्षांतून दोन वेळां बदलावा लागतो.